डेस्कटॉपवर फाइल नको, शॉर्टकट ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज लागणाऱ्या पंधरा-वीस फाइली फोल्डरांच्या आत खोल दडलेल्या असतात आणि दर वेळी शोधायला वेळ जातो. म्हणून तुम्ही त्या उचलून डेस्कटॉपवरच ठेवायला लागलात. आता डेस्कटॉप इतका भरलाय की तिथेही शोधावं लागतं. शॉर्टकट करून पाहिले, पण एक पेनड्राइव्हवर घेतला तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलाच नाही, आणि दुसरा चक्क जुनी फाइल उघडतोय. शिवाय कीबोर्डवरून फाइल उघडता येते का, हेही तुम्ही विचारलंय.

सगळ्याचं मूळ एकच आहे. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे, फाइलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. विंडोज 95 पासून ही सोय आहे. शॉर्टकट ही स्वतः एक छोटीशी फाइल असते, साधारण एक-दोन केबीची, आणि तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारा भाग, असतं डॉट एलएनके. हे एक्स्टेन्शन तुम्हाला कधी दिसणार नाही. एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू केली तरी विंडोज ते लपवूनच ठेवतं. म्हणून शॉर्टकट ओळखायचा तो आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावरून. शॉर्टकट डिलीट केला तर मूळ फाइलला धक्का लागत नाही. मूळ फाइल डिलीट केली तर मात्र शॉर्टकट नुसता नावाला उरतो.

मूळ फाइली डेस्कटॉपवर ठेवू नका असं मी सगळ्यांनाच सांगतो, आणि ते दिसण्यासाठी नव्हे. डेस्कटॉप हाही शेवटी सी ड्राइव्हवरचा, तुमच्या युजरच्या नावाखालचा एक फोल्डरच आहे. विंडोज बिघडलं आणि कोणी घाईत फॉरमॅट मारलं, तर सगळ्यात आधी जातात त्या डेस्कटॉपवरच्या फाइली. डॉक्युमेंट्स फोल्डरचा, डी ड्राइव्हचा बॅकअप घ्यायचं लोकांच्या लक्षात असतं. डेस्कटॉप हमखास राहून जातो. शॉर्टकट गेले तर दहा मिनिटांत पुन्हा करता येतात.

शॉर्टकट करायच्या पद्धती बऱ्याच आहेत, एक पुरे. फाइलवर राइट क्लिक, मग सेंड टू, मग डेस्कटॉप क्रिएट शॉर्टकट. विंडोज 11 मध्ये सेंड टू लगेच दिसत नाही, आधी शो मोअर ऑप्शन्सवर जावं लागतं. किंवा शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना लांबलचक मेनू थेट येतो. मला स्वतःला आवडते ती दुसरी पद्धत: ऑल्ट दाबून धरायची आणि फाइल माउसने ओढून डेस्कटॉपवर सोडायची. ओढताना कर्सरशेजारी लिंक तयार होत असल्याची सूचना दिसते. ती दिसल्याशिवाय माउस सोडू नका, नाहीतर शॉर्टकट न होता मूळ फाइलच उचलून डेस्कटॉपवर येईल, किंवा ती दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर तिची कॉपी होईल. हात बसेपर्यंत माउसचं उजवं बटण दाबून ओढा. सोडल्यावर विंडोज स्वतःच विचारतं की कॉपी करू, हलवू की शॉर्टकट करू.

फाइलऐवजी फोल्डरचाही शॉर्टकट होतो आणि पुष्कळदा तोच जास्त कामाचा असतो. एकाच कामाच्या सहा फाइली आलटून पालटून लागत असतील तर सहा शॉर्टकट कशाला? त्या फोल्डरचा एक करा. वेबसाइटचाही होतो: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे छोटं चिन्ह असतं, ते ओढून डेस्कटॉपवर सोडायचं.

आता नावांबद्दल, कारण वेग खरा इथे मिळतो. शॉर्टकटचं नाव आणि फाइलचं नाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फाइलचं नाव लांबलचक असू द्या, शॉर्टकटला एफ2 दाबून तुमच्या सोयीचं छोटं नाव द्या. शेवटी चिकटलेला शॉर्टकट हा शब्दही तेव्हाच उडवून टाका. मग विंडोजची कळ आणि डी एकत्र दाबा, सगळ्या विंडो बाजूला होऊन डेस्कटॉप समोर येईल. आता नावाची पहिली एक-दोन अक्षरं भराभर टाइप करा. निवड त्या आयकॉनवर जाऊन बसते, एंटर मारला की फाइल उघडली. माउसला हात लावायची गरज नाही. हे इतकं साधं असूनही वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना माहीत नसतं.

यात मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण येते. शॉर्टकटचं नाव ‘हजेरी’ असेल तर ‘ह’ टाइप करायला आधी कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो, म्हणजे विंडोज आणि स्पेसबार. तेवढ्यात माउसने दोनदा क्लिक करून झालं असतं. म्हणून मूळ फाइलचं नाव खुशाल देवनागरीत ठेवा, पण शॉर्टकटच्या नावाआधी इंग्रजी आकडा लावा: 1 हजेरी, 2 पत्रं, 3 हिशेब. आकड्यांमुळे नावानुसार लावलेले आयकॉन तुमच्या क्रमानेच बसतात, हा आणखी एक फायदा. दहा-बाराच्या पुढे मात्र जाऊ नका. त्यानंतर कुठल्या आकड्याला काय, हे आठवण्यातच वेळ जातो.

कीबोर्डची थेट कळ हवी असेल तर तीही देता येते. शॉर्टकट निवडून ऑल्ट आणि एंटर दाबा, प्रॉपर्टीज उघडतील. त्यात शॉर्टकट की नावाचा एक चौकोन आहे, त्यात नन असं लिहिलेलं दिसेल. तिथे क्लिक करून फक्त एक अक्षर दाबा, समजा एच. विंडोज आपणहून कंट्रोल, ऑल्ट, एच असं भरतं. ओके करा. आता कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असताना या तीन कळा दाबल्या की ती फाइल उघडेल.

याला अटी आहेत. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच कळ चालते. डी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरात नेऊन ठेवलात तर ती बंद पडते आणि लोक म्हणतात कीबोर्ड बिघडला. दुसरं, तुम्ही दिलेली कळ प्रोग्रॅमच्या आधी विंडोज पकडतं. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि 1, 2, 3 या कळा मथळ्यांच्या शैलीसाठी आहेत. त्यातली एखादी तुम्ही फाइलला दिली की वर्डमध्ये ती चालणार नाही. शिवाय काही कीबोर्ड रचनांमध्ये उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखंच असतं, आणि काही चिन्हं तिनेच उमटतात. चिन्ह काढायला जाल आणि फाइल उघडेल. म्हणून मी कळा दोन किंवा तीनच शॉर्टकटांना देतो. बाकीच्यांना विंडोज-डी आणि आकडा पुरतो.

आता ‘शॉर्टकट जुनी फाइल उघडतो’ ही तुमची तक्रार. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत शॉर्टकटचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा असं घडलेलं असतं: फाइलचं नाव होतं ‘हिशेब’. तिचा शॉर्टकट केला. महिना संपल्यावर ती उघडून सेव्ह अॅज केलं आणि नाव दिलं ‘हिशेब नवा’. त्या क्षणापासून स्क्रीनवर जी उघडी आहे ती ‘हिशेब नवा’ आहे. दिवसभर काम त्यात झालं, सेव्ह झालं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉर्टकटवर क्लिक केलं. चिठ्ठीवर पत्ता अजून ‘हिशेब’चाच आहे, म्हणून तीच उघडली, कालच्या एकाही नोंदीशिवाय. माणूस घाबरतो, डेटा उडाला समजतो. काही जण तर त्या जुन्या फाइलमध्येच पुन्हा नोंदी करायला बसतात, आणि मग खरी गुंतागुंत होते: अर्ध्या नोंदी एकीत, अर्ध्या दुसरीत. आणखी दोन महिन्यांनी फोल्डरात ‘हिशेब फायनल’ आणि ‘हिशेब फायनल 2’ही सापडतात.

अशा वेळी शॉर्टकट मोडून नवा करण्यात अर्थ नाही, पुढच्या महिन्यात तेच होणार. सवय उलटी करा. चालू फाइलचं नाव कधीच बदलायचं नाही. जुनं जपून ठेवायचं असेल तर फाइल बंद असताना फोल्डरात जाऊन तिची कॉपी करा आणि तारीख त्या कॉपीला द्या. म्हणजे ‘हिशेब’ कायम ‘हिशेब’च राहते, शॉर्टकट तिच्याकडेच जातो, आणि शेजारी ‘हिशेब 2024-03’, ‘हिशेब 2024-04’ अशा जुन्या प्रती ओळीने लागतात. तारीख वर्ष-महिना अशी लिहिली की क्रमही आपोआप नीट लागतो.

याच जातीची दुसरी भानगड पत्रांची. ठरावीक नमुन्याचं पत्र असतं, त्याचा शॉर्टकट असतो. उघडायचं, नाव-तारीख बदलायची आणि वेगळ्या नावाने सेव्ह करायचं. एक दिवस घाईत नुसतं सेव्ह दाबलं जातं आणि नमुना गेला. त्याऐवजी ते पत्र वर्डमध्ये सेव्ह अॅज करताना प्रकार म्हणून वर्ड टेम्प्लेट निवडा आणि शॉर्टकट त्या टेम्प्लेटचा करा. त्यावर डबल क्लिक केलं की मूळ नमुना उघडत नाही, त्याच्यावरून बनलेलं नवं, बिननावाचं पत्र उघडतं. सेव्ह करताना वर्ड नाव विचारणारच. एक्सेललाही हेच लागू. माझ्या मते शॉर्टकटचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे आणि तो फार कमी लोक करतात.

फक्त पाहायची, चुकूनही बदलायची नाही अशी एक्सेल फाइल असेल तर आणखी एक युक्ती आहे. आधी खुद्द एक्सेलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर घ्या. मग हव्या त्या फाइलवर शिफ्ट दाबून राइट क्लिक करून कॉपी अॅज पाथ निवडा. एक्सेलच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट या चौकोनात जे लिहिलंय त्याच्या शेवटी एक मोकळी जागा, मग स्लॅश आणि इंग्रजी आर हे अक्षर, पुन्हा मोकळी जागा, आणि मग कॉपी केलेला पत्ता पेस्ट करा. अवतरण चिन्हं पत्त्यासोबत येतातच, ती काढू नका. या शॉर्टकटवरून फाइल नेहमी रीड-ओन्ली उघडेल.

शॉर्टकट मरतात कशाने? फाइलचं नाव बदललं किंवा ती त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरात हलवली तर विंडोज बहुधा तिचा माग काढतं. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर फाइलला एक आतली ओळख दिलेली असते, तिच्या आधारे शॉर्टकट नवा पत्ता शोधून काढतो. पण ड्राइव्ह बदलला, किंवा कॉपी करून मूळ उडवली, की या सोयीवर विसंबू नका. तेव्हा ‘हा शॉर्टकट ज्याच्याकडे नेतो ते बदललं किंवा हललं आहे, शॉर्टकट डिलीट करू का’ अशी सूचना येते. घाईने हो म्हणू नका. आधी प्रॉपर्टीज उघडून टार्गेटमधला पत्ता वाचा. फाइल कुठे होती याचा तोच एकमेव पुरावा असतो.

बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइलींचे शॉर्टकट आज चालतात, उद्या नाही, असं होत असेल तर ड्राइव्हचं अक्षर तपासा. आज ई म्हणून लागलेली डिस्क उद्या आधी पेनड्राइव्ह लावल्यामुळे एफ होते आणि पत्ता चुकतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला शेवटाकडचं एखादं अक्षर, आर किंवा एस, कायमचं देऊन टाका. ती अक्षरं दुसरं कोणी सहसा घेत नाही.

पेनड्राइव्हचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही फाइल नेली नाहीत, चिठ्ठी नेलीत. त्या कॉम्प्युटरवर तो पत्ताच नाही, तर उघडणार काय? मेलला शॉर्टकट जोडला तरी हेच होतं. न्यायची असेल तेव्हा शॉर्टकटवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन निवडा; मूळ फोल्डर उघडेल, त्यातली फाइल कॉपी करा. खात्रीसाठी आकार बघा. फोटो भरलेला अहवाल दोन केबीचा दिसत असेल तर तो अहवाल नाही. डेस्कटॉपचा बॅकअप घेतल्यावर तर हे जरूर पाहा.

पेनड्राइव्हचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुम्ही न केलेला शॉर्टकट पेनड्राइव्हवर दिसला, विशेषतः तुमच्याच फोल्डराच्या नावाचा पण बाण असलेला, तर त्यावर क्लिक करू नका. असे व्हायरस खरे फोल्डर लपवतात आणि जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतात. क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो, म्हणून संशयही येत नाही. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट नावाच्या व्हायरसने तर विंडोजमधली अशी त्रुटी वापरली होती की शॉर्टकटचा आयकॉन नुसता स्क्रीनवर दिसणंही पुरेसं होतं. ती त्रुटी नंतर बंद केली गेली. संशय आला की ऑल्ट-एंटर दाबून टार्गेट वाचा. तिथे पॉवरशेल किंवा सीएमडी (विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याचे प्रोग्रॅम) आणि पुढे अगम्य लांबलचक मजकूर असेल तर तो तुमच्या फाइलचा शॉर्टकट नव्हे. अँटिव्हायरस चालवा, आणि मग हिडन आयटम्स आणि संरक्षित सिस्टिम फाइली दाखवण्याची सेटिंग चालू करून पाहा. खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतात. मेलमधून झिप फाइलीत आलेला, पीडीएफचा आयकॉन लावलेला शॉर्टकटही याच माळेतला.

डेस्कटॉप हीच एक जागा आहे असं मात्र मानू नका. खालच्या टास्कबारवर एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाइलींची यादी येते. त्यातल्या हव्या त्या फाइलवर माउस नेला की टाचणीचं चिन्ह दिसतं, ते दाबलं की ती फाइल यादीत वर पक्की बसते. विंडोज 7 पासून हे आहे. दिवसभर एक्सेलच उघडं असणाऱ्याला डेस्कटॉपपेक्षा हे सोयीचं, कारण काही बाजूला करावं लागत नाही. फोल्डर पक्के करायचे तर फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला क्विक अॅक्सेस आहे. जी फाइल महिन्यातून एकदा लागते तिला कुठेच शॉर्टकट नको. विंडोजची कळ दाबून तिचं नाव टाइप करा, सापडते.

सकाळी आल्याबरोबर तीन फाइली एकदम उघडायच्या असतील तर कंट्रोल धरून तिन्ही शॉर्टकट निवडा आणि एंटर मारा. बस. यासाठी लोक वेगळी सॉफ्टवेअरं शोधतात.

मॅकवर याच गोष्टीला एलियस म्हणतात. ऑप्शन आणि कमांड धरून फाइल ओढली की तयार होतो.

आता तुमच्या भरलेल्या डेस्कटॉपचं काय करायचं? क्रम महत्त्वाचा आहे: आधी फाइली हलवा, मग शॉर्टकट करा. उलटं केलं तर सुरुवातीपासूनच विंडोजला माग काढायला लावाल. डॉक्युमेंट्समध्ये किंवा डी ड्राइव्हवर कामाप्रमाणे चार-पाच फोल्डर करा आणि सगळ्या फाइली बंद करून त्यात कट-पेस्ट करा. एका एक्सेल फाइलमधली सूत्रं दुसरीतून आकडे घेत असतील तर त्या दोन्ही एकाच फोल्डरात एकत्र हलवा. एकत्र गेल्या तर दुवे सहसा टिकतात, एक इथे आणि एक तिथे गेली की तुटतात. मग रोजच्या दहा-बाराचेच शॉर्टकट करा, आकडे लावा. पहिले एक-दोन दिवस एक्सेल-वर्डच्या रिसेंट यादीतून उघडायला गेलात तर फाइल सापडत नाही असं येईल, कारण त्या यादीत जुने पत्ते आहेत. तेव्हा शॉर्टकटवरून उघडा. नवा पत्ता यादीत आपोआप वर येतो.